गुणांचे मोल : दहावी-बारावीचे टक्के आणि पुढचा प्रवेश

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरचे टक्के सगळीकडे सारखे चालत नाहीत. अकरावीच्या प्रवेशात अर्ध्या टक्क्याने महाविद्यालय बदलते. वैद्यकीय प्रवेशात मात्र बारावीला ५५ टक्के मिळवणारा आणि ९५ टक्के मिळवणारा, दोघांचेही बारावीचे गुण गुणवत्ता यादी लावताना बाजूला ठेवले जातात. अभियांत्रिकीत ते आधी पात्रतेपुरते पाहिले जातात आणि दोन उमेदवार अगदी बरोबरीत आले तरच पुन्हा बाहेर काढले जातात. त्यामुळे 'किती टक्के हवेत?' या प्रश्नाचे उत्तर 'कशासाठी?' हे कळल्याशिवाय देता येत नाही.

प्रवेशाच्या व्यवहारात गुणांना चार कामे असतात. पहिले काम क्रम लावण्याचे : ज्याचे गुण जास्त त्याचा नंबर आधी. दुसरे पात्रतेचे : ठरावीक किमान गुण असले की अर्ज ग्राह्य, त्यापुढचे गुण हिशेबात नाहीत. तिसरे भारांकाचे : शालान्त गुणांचा काही हिस्सा आणि प्रवेश परीक्षेचा काही हिस्सा मिळून एक बेरीज. चौथे बरोबरी फोडण्याचे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला दहावी ते पदवी या प्रवासात ही चारही कामे येतात.

दहावी : गुणांवरच सगळे

निव्वळ गुणांवर क्रम लावण्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अकरावीचा प्रवेश. मुंबई महानगर क्षेत्रात २००९ मध्ये ही प्रक्रिया ऑनलाइन झाली. पुढे पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांत ती गेली आणि २०२५ पासून ती संपूर्ण राज्याला लागू झाली. विद्यार्थी अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक माहिती आणि गुण भरतो, दुसऱ्या भागात महाविद्यालयांचे पसंतीक्रम देतो. हे पसंतीक्रम जास्तीत जास्त दहा. मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, निबंध नाही. गुण, आरक्षणाचा प्रवर्ग आणि पसंतीक्रम एवढ्यावर जागा ठरते.

राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय आणि ६०० गुण असतात, पण टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर, म्हणजे ५०० गुणांवर काढली जाते. हाच 'बेस्ट ऑफ फाइव्ह'. समजा एका विद्यार्थिनीला मराठीत ७८, हिंदीत ८४, इंग्रजीत ८२, गणितात ९१, विज्ञानात ८८ आणि सामाजिक शास्त्रांत ८६ गुण पडले. सहाही विषय धरले तर ६०० पैकी ५०९, म्हणजे ८४.८३ टक्के. मराठीचे सर्वांत कमी गुण वगळले की ५०० पैकी ४३१, म्हणजे ८६.२० टक्के. तिने चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा 'अ' श्रेणीत उत्तीर्ण केली असेल, तर ७ वाढीव गुण मिळून बेरीज ४३८ होते आणि टक्केवारी ८७.६० वर जाते. उत्तरपत्रिका त्याच, तरी पावणेतीन टक्क्यांचा फरक पडला.

लोककला, शास्त्रीय कला आणि क्रीडा यांसाठीही असे वाढीव गुण आहेत. या गुणांची आणि पाच विषयांच्या हिशेबाची जोड मिळाल्याने १०० टक्के मिळवणाऱ्यांची संख्या आता तीन आकड्यांत गेली आहे. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले होते.

कट-ऑफ कसा बनतो

कट-ऑफ ही महाविद्यालयाने आधीच जाहीर केलेली अट आहे असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात फेरी संपल्यावर शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचे गुण म्हणजे त्या फेरीचा कट-ऑफ. म्हणून तो दर वर्षी हलतो, आणि तो कोणत्या दिशेने हलेल हे तीन गोष्टींवर ठरते : निकाल किती चढा लागला, त्या महाविद्यालयाला किती जणांनी वरचा पसंतीक्रम दिला, आणि खुल्या स्पर्धेसाठी खरोखर किती जागा उरल्या.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. १२० जागांचे एक अल्पसंख्याक महाविद्यालय घेतले, तर निम्म्या म्हणजे ६० जागा त्या अल्पसंख्याक समाजासाठी राखीव असतात. त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्यांसाठी इन-हाउस कोट्याच्या १० टक्के, म्हणजे १२ जागा. व्यवस्थापन कोट्याच्या ५ टक्के, म्हणजे ६ जागा. बाकी उरतात ४२. माहितीपुस्तिकेत १२० जागा वाचून अर्ज करणारा बाहेरचा विद्यार्थी खरे तर या ४२ जागांसाठी रांगेत असतो. अल्पसंख्याक दर्जा नसलेल्या महाविद्यालयात इन-हाउस आणि व्यवस्थापन कोटा वगळून राहिलेल्या जागांवर सामाजिक आरक्षण लागते : मागासवर्गीयांसाठी एकूण ५२ टक्के, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) प्रवर्गासाठी १० आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १०. प्रत्येक प्रवर्गाची यादी वेगळी, त्यामुळे कट-ऑफही वेगळा. गेल्या वर्षीचा कट-ऑफ पाहताना आपल्या प्रवर्गाचा, आपल्या शाखेचा आणि त्याच फेरीचा आकडा पाहिला नाही तर अंदाज चुकतो.

पसंतीक्रम भरण्यातही गुणांइतकेच शहाणपण लागते. संगणक आधी गुणवत्तेनुसार विद्यार्थी घेतो आणि मग त्याची यादी वरून खाली तपासतो. त्यामुळे आवाक्याबाहेरचे महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या महाविद्यालयातली संधी जात नाही. मात्र नियमित फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते. म्हणून मनात खरोखर जे पहिले आहे तेच पहिले लिहिणे हिताचे.

अकरावीखेरीज पॉलिटेक्निकची पदविका आणि आयटीआय यांचे प्रवेशही दहावीच्या गुणांवरच होतात. पदविकेला पात्रतेची अट ३५ टक्क्यांची आहे, पण शासकीय तंत्रनिकेतनांतल्या मागणीच्या शाखांचा कट-ऑफ त्याच्या कितीतरी वर जातो. पदविका झाल्यावर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि तिथे पदविकेचे गुण मोजले जातात. बारावी आणि सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) या दोन्ही परीक्षा टाळून अभियांत्रिकीत जाण्याचा हा सरळ रस्ता आहे.

दोन मंडळांचे गुण सारखे कसे धरायचे

अकरावीच्या रांगेत राज्य मंडळाबरोबर सीबीएसई आणि आयसीएसईचेही विद्यार्थी असतात. प्रत्येक मंडळाचा अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि तपासण्याची रीत निराळी. मग एका मंडळाचे ९० टक्के दुसऱ्याच्या ९० टक्क्यांबरोबरचे मानायचे का, या प्रश्नावर महाराष्ट्रात लागोपाठ तीन वर्षे न्यायालयीन लढाई झाली.

२००८ मध्ये शासनाने पर्सेंटाइलचे सूत्र आणले. निरनिराळ्या मंडळांचे गुण त्या त्या मंडळातल्या वरच्या विद्यार्थ्यांशी ताडून एका पातळीवर आणण्याचा तो प्रयत्न होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि उरलेल्या १० टक्के इतर मंडळांसाठी असे ९०:१० चे धोरण आले. तेही न्यायालयात टिकले नाही. २०१० मध्ये राज्य मंडळाने 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आणले. सीबीएसईला मुख्य विषय पाच आणि राज्य मंडळाला सहा, तेव्हा तुलना पाचाशी पाचाची व्हावी, असे त्यामागचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने हा निर्णयही रद्द केला, पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. आजची पद्धत तिथून सुरू झाली.

त्या काळात सीबीएसईच्या बाजूलाही एक पेच होता. २०१८ मध्ये दहावीची मंडळ परीक्षा सर्वांना पुन्हा सक्तीची होईपर्यंत काही वर्षे तिथे गुणांऐवजी श्रेणी आणि सीजीपीए दिला जाई. सीजीपीएचे टक्के करण्याचे मंडळाने सुचवलेले सूत्र ९.५ ने गुणण्याचे होते. म्हणजे सीजीपीए पूर्ण १० असला तरी या सूत्राने टक्के होत ९५. जिथे पाव टक्क्याने जागा जाते, तिथे अशा रूपांतराच्या सूत्रालाही परीक्षेइतकेच महत्त्व येते.

अंतर्गत गुणांचा धडा

प्रश्नपत्रिकेची रचना बदलली की संधीही बदलते, हे २०१९ च्या निकालाने स्पष्ट दाखवले. राज्य मंडळाच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे शाळेने करायचे मूल्यमापन अशी विभागणी होती. शाळा सढळ हाताने गुण देतात, या आक्षेपामुळे २०१८-१९ पासून ते २० गुण काढून टाकण्यात आले आणि लेखी परीक्षा १०० गुणांची झाली. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर घसरला. इतर मंडळांत मात्र अंतर्गत गुण चालूच होते, त्यामुळे नामांकित कनिष्ठ महाविद्यालयांत राज्य मंडळाची मुले मागे पडणार अशी ओरड झाली. पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

तीन वर्षांतल्या या चढउतारात मुलांची हुशारी काही बदलली नव्हती. शिवाय निकाल चढा लागला म्हणून सगळ्यांचीच संधी वाढते असेही नाही. नामांकित महाविद्यालयांतल्या जागा तेवढ्याच राहतात, म्हणून सर्वांचे गुण पाच टक्क्यांनी वाढले तर कट-ऑफही जवळपास तेवढाच वर सरकतो. क्रम लावण्याच्या पद्धतीत स्वतःच्या गुणांपेक्षा इतरांच्या तुलनेत आपण कुठे आहोत हेच निर्णायक असते.

करोनाच्या २०२१ सालात तर परीक्षाच झाली नाही. दहावीच्या प्रत्येक विषयाचे १०० गुण असे जमवले गेले : दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे ३०, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० आणि नववीच्या अंतिम निकालावरून ५०. जी नववी एरवी प्रवेशात कुठेच मोजली जात नाही, तिच्यावर अचानक निम्मा निकाल येऊन बसला. उत्तीर्णांचे प्रमाण ९९.९५ टक्के झाले. अशा गुणांवर अकरावीचा क्रम लावणे अवघड म्हणून शासनाने अकरावीसाठी सीईटी जाहीर केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ती रद्द ठरवली. शेवटी त्या वर्षीही प्रवेश दहावीच्या गुणांवरच झाले.

बारावी : पारंपरिक पदवीसाठी अजूनही मुख्य आधार

बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी. या अभ्यासक्रमांना महाराष्ट्रातल्या बहुसंख्य महाविद्यालयांत आजही बारावीच्या गुणांवरच प्रवेश मिळतो. महाविद्यालये एकामागून एक गुणवत्ता याद्या लावतात आणि आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झालेल्यांना बऱ्याच ठिकाणी आधी जागा दिली जाते. याचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. दहावीला चांगल्या गुणांनी नामांकित महाविद्यालयात शिरलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या प्रवेशात ही घरची रांग मिळते. बाहेरून येणाऱ्याला मात्र तिथेच जागा मिळवायला बारावीला बरेच जास्त गुण लागतात. त्या अर्थाने दहावीचे गुण दोन वर्षांनीही हातभार लावत असतात.

व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम पूर्वी याच गटात होते. बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्यावर २०२४ पासून त्यांच्यासाठी राज्यात सीईटी सुरू झाली. त्यावर काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो बी.कॉम.च्या छत्राखाली नेला आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश देणे चालू ठेवले. त्यामुळे जवळजवळ सारख्याच शिक्षणासाठी एका महाविद्यालयात सीईटीचा पर्सेंटाइल लागतो, तर दुसऱ्यात बारावीचे टक्के. अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रमाचे नेमके नाव वाचणे यासाठी गरजेचे.

दिल्ली विद्यापीठात नेमके उलटे घडले. तिथे अनेक वर्षे बारावीचे गुण हाच प्रवेशाचा पाया होता आणि कट-ऑफ वाढत वाढत २०२१ मध्ये काही महाविद्यालयांच्या पहिल्या यादीत थेट १०० टक्क्यांना भिडला. शंभराच्या वर क्रम लावायला जागाच नसते. अनेक मंडळांचे पूर्ण गुण मिळवलेले विद्यार्थी समोर आले की गुणांना निवड करता येत नाही. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली आणि दिल्ली विद्यापीठाचे पदवी प्रवेश तिच्या गुणांवर होऊ लागले. बारावीचे गुण तिथे आता पात्रतेपुरते आणि बरोबरी फोडण्यापुरते उरले आहेत.

वैद्यकीय आणि अभियांत्रिकी : उंबरठ्याचे गुण

व्यावसायिक अभ्यासक्रमांत बारावीचे गुण उंबरठ्यासारखे असतात : ओलांडला की झाले. एमबीबीएससाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण हवेत, शिवाय इंग्रजी विषय उत्तीर्ण हवा. तेवढे असले की पुढचा क्रम ७२० गुणांच्या नीट या प्रवेश परीक्षेवर लागतो.

राज्यातल्या अभियांत्रिकीसाठी संबंधित तीन विषयांत मिळून ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के ही अट आहे. क्रम लागतो एमएचटी-सीईटीवर. या परीक्षेत गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा १ गुणाचा, आणि एकूण गुण २००. साधारण ८० टक्के भर बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. शाळा-महाविद्यालयांच्या निकालात कुठेच न दिसणारी अकरावी इथे अशी परत येते.

टक्के आणि पर्सेंटाइल यांची गल्लत सर्वांत जास्त इथेच होते. टक्के सांगतात की शंभरातले किती गुण मिळाले. पर्सेंटाइल सांगतो की परीक्षा देणाऱ्यांपैकी शेकडा किती जण आपल्या बरोबरीने किंवा आपल्या मागे आहेत. सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून कच्च्या गुणांऐवजी पर्सेंटाइलवर यादी लावतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १८० गुण नव्हेत. त्याचा अर्थ एवढाच की परीक्षार्थींपैकी सुमारे दहा टक्के जण आपल्या पुढे आहेत. एक लाख जणांनी परीक्षा दिली असेल, तर हे पुढचे दहा टक्के म्हणजे दहा हजार जण होतात.

आयआयटीचा उंबरठा अधिक उंच आहे. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये रँक मिळाल्यावरही बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५ टक्के गुण लागतात, किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावे लागते. पाच विषयांच्या ५०० गुणांत ७५ टक्के म्हणजे ३७५. इथे ३७४ गुण आणि पर्सेंटाइलची पर्यायी अटही अपुरी, अशी स्थिती आली तर हातातली रँक उपयोगी पडत नाही. ज्या मंडळांत गुण हात आखडून दिले जातात तिथे पर्सेंटाइलची अट वाचवते, कारण वरच्या २० टक्क्यांत येण्याची रेषा ७५ टक्क्यांच्या खाली असू शकते. करोनाकाळात २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे ही ७५ टक्क्यांची अट शिथिल होती. २०२३ पासून ती पुन्हा लागू झाली.

उंबरठ्याआधी विषयांचा प्रश्न येतो, आणि तो अकरावीतच सुटलेला असावा लागतो. जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयची वाट बंद होते. गणित सोडले की अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा हातच्या जातात. पीसीएम की पीसीबी या निवडीचा परिणाम दहा-वीस गुणांच्या फरकापेक्षा मोठा असतो. चारही विषय, म्हणजे पीसीएमबी, घेणारे विद्यार्थी दोन्ही वाटा उघड्या ठेवतात, पण त्यासाठी अभ्यासाचा बोजा वाढवून घेतात.

भारांकाचे प्रयोग

बारावीला अगदीच बाजूला टाकू नये, म्हणून मधली वाटही चाचपून झाली. २०१३ ते २०१६ या वर्षांत एनआयटी आणि तत्सम संस्थांच्या प्रवेशासाठी जेईई मेनला ६० टक्के आणि बारावीच्या सामान्यीकृत गुणांना ४० टक्के भार होता. महाराष्ट्रानेही २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेन आणि बारावी यांना निम्मा-निम्मा भार देऊन केले.

हेतू चांगला होता : वर्गातली हजेरी वाढावी, शिकवणी वर्गांवरची मदार कमी व्हावी. अडचणी व्यवहारात निघाल्या. देशातल्या सगळ्या मंडळांचे निकाल हाती आल्याशिवाय रँक लावता येईना. प्रत्येक मंडळाचे गुण एका मापावर आणण्याचे सूत्र पालकांना समजावणे कठीण जाई. गुणपडताळणीत एखाद्याचे बारावीचे गुण बदलले की रँकही हलायची. महाराष्ट्र २०१६ मध्ये एमएचटी-सीईटीवर परतला आणि जेईई मेनमधला बारावीचा भार २०१७ पासून संपला. वास्तुशास्त्राच्या पदवीला मात्र भारांक आजही टिकून आहे. तिथे नाटा या अभियोग्यता चाचणीला आणि बारावीच्या गुणांना समान महत्त्व दिले जाते.

भारांक गेल्याचा परिणाम कनिष्ठ महाविद्यालयांच्या वर्गांत दिसतो. क्रम जर प्रवेश परीक्षेवरच लागणार, तर विद्यार्थी वेळही तिलाच देणार. 'इंटिग्रेटेड' या नावाने महाविद्यालय आणि शिकवणी वर्ग यांची सांगड घातली गेली. नाव महाविद्यालयात, शिक्षण क्लासमध्ये, अशी स्थिती झाली. बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती नियमाने लागते. ती खरी असावी म्हणून शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचे पाऊलही उचलले. या रस्त्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याला एक धोका असतो. प्रवेश परीक्षा फसली आणि बारावीचे गुणही जेमतेम राहिले, तर बी.एस्सी.सारख्या पर्यायातही चांगले महाविद्यालय मिळणे कठीण जाते, कारण तिथे क्रम बारावीच्याच गुणांवर लागतो.

बरोबरी फुटते कशी

हजारो उमेदवारांत दोघा-तिघांचा पर्सेंटाइल अगदी सारखा येणे सहज शक्य असते. राज्याच्या अभियांत्रिकी यादीत अशा वेळी आधी सीईटीतल्या एकेका विषयाचा पर्सेंटाइल पाहतात, त्यानेही भागले नाही तर बारावीचे गुण आणि त्यानंतर दहावीचे. मोठ्या मागणीच्या महाविद्यालयात शेवटच्या एका जागेसाठी ही उतरंड प्रत्यक्ष वापरावी लागते. दोन वर्षांपूर्वीच्या दहावीच्या गुणांना असे शेवटचे मत मिळू शकते. हे क्वचित घडते, त्यामुळे त्यावर आखणी करता येत नाही. पण दहावीची गुणपत्रिका अकरावीनंतर निरुपयोगी होते, ही समजूत मात्र खरी नाही.

परदेशातली मोजदाद

महाराष्ट्रातली गुणपत्रिका परदेशी विद्यापीठात गेली की तिचे वाचन बदलते. अमेरिकेतली विद्यापीठे नववी ते बारावी अशा चारही वर्षांची गुणपत्रके मागतात आणि सोबत निबंध, शिफारसपत्रे, शाळाबाह्य कामही पाहतात. इथे ज्या नववी-अकरावीकडे कोणी फिरकत नाही, तीच तिथे दहावी-बारावीच्या बरोबरीने वाचली जाते. चढत गेलेला आलेख आणि उतरत गेलेला आलेख यांतला फरकही तिथे पाहिला जातो.

जर्मनीत गुण एका सूत्राने तिथल्या मापात बसवतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. बारावीला ८४ टक्के असतील आणि उत्तीर्णतेची रेषा ३५ असेल, तर १६ भागिले ६५, गुणिले ३, अधिक १, म्हणजे सुमारे १.७४. जर्मन मापात १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास, म्हणून १.७४ चांगलाच मानतात. सीबीएसईसारख्या ३३ ला उत्तीर्ण करणाऱ्या मंडळात त्याच ८४ टक्क्यांचे उत्तर सुमारे १.७२ येते. शिवाय नुसती भारतीय बारावी तिथे थेट पदवी प्रवेशाला पुरत नाही. भारतातल्या पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेले असावे लागते किंवा तांत्रिक शाखांसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्डचे यश दाखवावे लागते.

गुण कमी पडले तर

निकाल लागल्यावर चार वाटा उरतात. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून गुणपडताळणी किंवा पुनर्मूल्यांकन करून घेता येते. एखादा प्रश्न तपासायचा राहिला असेल किंवा बेरीज चुकली असेल तर याचा उपयोग होतो. दहावीला एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्याला एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत बसता येते. अनुत्तीर्णांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते, म्हणजे शैक्षणिक वर्ष वाया जात नाही. उत्तीर्ण झालेला पण गुणांवर नाराज असलेला विद्यार्थी श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा परीक्षेला बसू शकतो.

यांपैकी कोणती वाट घ्यायची, हे गुणांचे काम कोणते आहे यावरून ठरते. अकरावी किंवा बी.कॉम.च्या यादीत दोन गुणांची वाढसुद्धा कामाची असते, कारण तिथे क्रम गुणांवर लागतो. बारावीला पीसीबीत ६१ टक्के असलेल्याने ते ७० करण्यासाठी पुन्हा बसणे मात्र वैद्यकीय प्रवेशात व्यर्थ आहे. तोच वेळ नीटला दिलेला बरा. याउलट ज्याची जेईई रँक चांगली आहे, पण बारावीला ७२ टक्केच आहेत आणि पर्सेंटाइलच्या अटीतही तो बसत नाही, त्याच्यासाठी ते तीन टक्के मिळवणे सर्वांत आधी येते.

म्हणून दहावीनंतरच्या नियोजनात तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात : हव्या असलेल्या अभ्यासक्रमात क्रम कशावर लागतो, बारावीची किमान अट किती आणि कोणत्या विषयांत, आणि हुकलेच तर दुसऱ्या पसंतीच्या अभ्यासक्रमात कोणते गुण मोजले जातात. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा ही उत्तरे त्या वर्षाच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतून घ्यायची असतात.